टेली-मानस की आधारगट: घरातल्या तरुण मुलासाठी काय निवडावं?

कॉलेजातला मुलगा महिनाभर खोलीबाहेर येत नाही, रात्रभर जागा असतो. आईवडिलांनी जायचं कुठे?

पहिला पर्याय फोनचा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही. आधी समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतो. नाव सांगायची सक्ती नाही, त्यामुळे मुलं स्वतःहून फोन करू शकतात. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार मुलगा बोलून दाखवत असेल, तर आधारगटाच्या, म्हणजे त्याच दुखण्यातून जाणाऱ्या कुटुंबांच्या गटाच्या, बैठकीची वाट बघू नका. त्याला एकटं सोडू नका, आत्ताच फोन लावा.

पण स्किझोफ्रेनियासारखं (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) वर्षानुवर्षांचं दुखणं असेल, तर फोन अपुरा पडतो. तिथे माझं मत आधारगटाच्या बाजूने. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्थापन केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन अशा कुटुंबांसाठी काम करते. गटात समोरची बाई तुमच्याच वाटेने गेलेली असते. ‘गोळी आमटीत कालवून देऊ नका हो, त्याला कळलं की तो जेवणच सोडतो,’ हे ती ज्या अधिकाराने सांगते, तो फोनवरच्या माणसाकडे कुठून येणार? शिवाय आईला तिथे रडता येतं. (बाबा मात्र बहुतेकदा बाहेर गाडीपाशीच थांबतात.)

अडचण अशी की असे गट मुख्यतः शहरांत. तालुक्याच्या गावी ‘कोणी ओळखीचं भेटलं तर?’ हीही धास्ती असते. औषधोपचार आधारगटात मिळत नाहीत. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञच गाठावा लागतो.