डेकमधून झिरपणारे पाणी: शोधण्याच्या आणि बंद करण्याच्या पद्धतींचा तुलनात्मक आढावा

लांबच्या सफरींसाठी ठेवलेल्या शिडाच्या नौकेत पाणी झिरपताना दिसले की बहुतेक मालक आधी सीलंटची (फटी बुजवणाऱ्या चिकट पदार्थाची) ट्यूब विकत आणतात आणि पाणी कोठून येते याचा विचार नंतर करतात. माझ्या मते नौकेचे सर्वाधिक नुकसान याच क्रमामुळे होते, कारण चुकीच्या जागी फासलेले सीलंट पाण्याची बाहेर पडण्याची वाट अडवते आणि आत शिरण्याची वाट मात्र तशीच मोकळी राहते. हा आढावा साधारण ३० ते ४० फूट लांबीच्या फायबरग्लासच्या जुन्या नौका डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. अशा नौकांच्या डेकमध्ये (वरच्या सपाट भागात) फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बहुधा बाल्सा लाकडाचा किंवा प्लायवूडचा गाभा असतो आणि खरी काळजी त्या गाभ्याची करायची असते. ज्यांनी अशी नौका नुकतीच घेतली आहे आणि ज्यांना कोणती पद्धत व कोणते साहित्य निवडावे हे ठरवायचे आहे, त्यांच्यासाठी हे लेखन आहे.

खारे पाणी की गोडे पाणी

पहिला निर्णय पैशांचा नाही, निरीक्षणाचा आहे. बिल्जमध्ये (नौकेच्या तळाच्या खोलगट भागात) साचलेले पाणी खारे असेल तर ते प्रोपेलर शाफ्टच्या ग्लँडमधून (शाफ्ट जेथे नौकेबाहेर जातो तेथे पाणी अडवणाऱ्या जोडातून), एखाद्या सीकॉकमधून (पाण्याखालच्या भोकावरच्या झडपेतून), शौचालयाच्या नळीतून किंवा लाटा डेकवर येत असताना डेकमधून आलेले असते. पाणी गोडे असेल तर पाऊस, पिण्याच्या पाण्याची टाकी, बर्फाची पेटी किंवा केबिनमध्ये जमलेले दव यांपैकी काहीतरी कारण असते. बिल्जमधले पाणी जिभेवर ठेवून पाहण्याचा सल्ला अनेक जण देतात, परंतु त्यात डिझेल आणि इंजिनचे तेल मिसळलेले असते, म्हणून मी तसे करत नाही. स्टीलच्या ताटलीत चमचाभर पाणी घेऊन उन्हात ठेवावे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते, त्यामुळे पाणी खारे असेल तर ताटली वाळल्यावर पांढरा थर स्पष्ट दिसतो. मात्र बिल्जमध्ये आधीचे मीठ वाळून बसलेले असेल तर गोडे पाणीही खारे होते. त्यासाठी बिल्ज गोड्या पाण्याने धुऊन, स्पंजाने पूर्ण कोरडी करून, नंतर नव्याने आलेले पाणीच तपासावे.

टाकीचा संशय असेल तर सर्व नळ बंद करून पाण्याचा पंप चालू ठेवावा. कोणीही नळ उघडलेला नसताना पंप अधूनमधून आपोआप सुरू होत असेल, तर गळती पंपापुढच्या नळ्यांमध्ये किंवा जोडांमध्ये आहे.

मुंबईच्या मालकांना येथे एक सोय आपसूक मिळते. गेटवेसमोर मुरिंगवर (पाण्यातल्या कायमच्या नांगराला बांधून) असणाऱ्या नौका पावसाळ्यापूर्वी पाण्याबाहेर काढून जमिनीवर उभ्या केल्या जातात. जमिनीवरच्या नौकेत समुद्र शिरू शकत नाही, त्यामुळे टाक्या रिकाम्या असताना जूनच्या पहिल्या पावसात बिल्जमध्ये जे पाणी येईल ते डेकमधून, खिडक्यांमधून किंवा डोलकाठीतूनच आलेले असते. बहुतेक जण पाऊस सुरू होण्याआधीच नौकेवर ताडपत्री बांधतात. ताडपत्री आवश्यक आहेच, परंतु शक्य असेल तर पहिल्या दोनतीन जोरदार सरींपर्यंत ती बांधू नये आणि त्या सरींच्या वेळी आत टॉर्च घेऊन बसावे, असे मी आग्रहाने सांगेन. डोलकाठी डेकमधून खाली कीलपर्यंत (नौकेच्या तळाच्या कण्यापर्यंत) जात असेल तर तिच्या पोकळीतून येणारे पाणी डेकवरचा रबरी पट्टा कितीही चांगला बसवला तरी थांबत नाही, कारण ते दोऱ्यांसाठी ठेवलेल्या खाचांमधून काठीच्या आत शिरते. ते पाणी हिशेबातून वेगळे काढावे लागते.

नळीचे पाणी की हवेचा दाब

डेकमधली नेमकी जागा शोधण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिल्या पद्धतीत एक माणूस डेकवर नळीने पाणी सोडतो आणि दुसरा आत बसून पाहतो. दुसऱ्या पद्धतीत केबिनमध्ये ब्लोअरने हवा भरतात आणि डेकवर साबणाचे पाणी फवारून बुडबुडे कोठे येतात ते बघतात.

नळीची पद्धत स्वस्त आहे, पण ती संयमाची परीक्षा घेते. पाण्याचा जोर कमी ठेवावा. दाबाच्या फवाऱ्याने पाणी अशा फटींतही शिरते जेथे पावसाचे पाणी कधीच शिरले नसते. सुरुवात सर्वांत खालच्या जागेपासून करावी, एकेका फिटिंगवर (डेकवर बोल्टने बसवलेल्या वस्तूवर) दहा-पंधरा मिनिटे पाणी सोडावे आणि ती जागा कोरडी ठरल्यावरच वर सरकावे, कारण वरून सुरुवात केली तर खाली वाहणारे पाणी सर्व जागा एकदम भिजवते आणि काहीच सिद्ध होत नाही. आत बसलेल्या माणसाने बोल्टच्या नटांभोवती खडूची भुकटी किंवा टाल्कम पावडर पसरून ठेवली तर पहिल्या थेंबाचा माग तिच्यात उमटतो. या पद्धतीची मोठी उणीव अशी की ती पाणी कोठे टपकते हे दाखवते, कोठून शिरते हे दाखवत नाही. छताच्या आतील अस्तरावरून पाणी दोनतीन फूट सरकून मग टपकते आणि उशीवर पडणाऱ्या थेंबाचे मूळ पुष्कळदा नाळेकडच्या, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाकडच्या, एखाद्या क्लीटखाली (दोर बांधण्याच्या खुंटाखाली) सापडते.

हवेची पद्धत याच्या अगदी उलट आहे. तिच्यात बाहेरचे छिद्रच दिसते आणि दुरुस्ती करायची असते ती बाहेरच्या छिद्राचीच. त्यासाठी वायुवीजनाच्या झडपा, सिंकचे निचरे, साखळीच्या कप्प्याचे तोंड हे सर्व टेपने बंद करावे लागते, ज्या हॅचमधून (डेकवरच्या झाकणाच्या दारातून) ब्लोअर लावायचा तिथे प्लायवूडचा तुकडा बसवावा लागतो आणि दाब अगदी हलका ठेवावा लागतो. अर्धा दिवस तयारीत जातो, परंतु नंतर तासाभरात साऱ्या डेकची तपासणी होते. स्टँचनच्या (डेकच्या कडेच्या कठड्याच्या खांबाच्या) तळपट्टीच्या कडेला मोहरीएवढ्या बुडबुड्यांची बारीक रांग फुगताना पाहिली की जे काम नळीने दोन दिवसांत जमले नव्हते ते झाल्याचे समाधान मिळते. छताचे अस्तर साच्यातून काढलेल्या अखंड फायबरग्लासचे असेल आणि नट दिसतच नसतील, तर मी हवेचीच पद्धत निवडेन. अस्तर सहज निघत असेल तर नळी पुरेशी आहे.

तथापि, दोन्ही पद्धती एका प्रकारच्या गळतीपुढे अपुऱ्या पडतात. काही सांधे नौका उभी असताना घट्ट असतात आणि वाऱ्याच्या जोराने डोलकाठीच्या तारा ताणल्या गेल्या, डेक किंचित वाकले की मगच उघडतात. चेनप्लेटच्या (त्या तारा नौकेला जोडणाऱ्या धातूच्या पट्टीच्या) बाबतीत हे नेहमी घडते. त्यामुळे सफरीच्या नोंदवहीत केवळ ‘पाणी आले’ एवढे न लिहिता वारा कोणत्या बाजूने होता आणि नौका कोणत्या कुशीवर कलली होती हेही लिहावे. फक्त एकाच कुशीवर गळणारी नौका शोधाचे अर्धे क्षेत्र स्वतःच वगळून देते.

वरून फासणे की उघडून पुन्हा बसवणे

येथे माझे मत एकतर्फी आहे. फिटिंगच्या कडेने बाहेरून सीलंटची रेघ ओढणे हे समुद्रात असताना दोन दिवस निभावून नेण्यापुरते ठीक आहे. त्याला दुरुस्ती म्हणता येत नाही. ती रेघ एका जागी सुटली की पाणी आत जाते आणि उरलेली रेघ त्याला बाहेर पडू देत नाही, त्यामुळे गाभा उघड्या गळतीपेक्षा अधिक वेळ ओला राहतो. फिटिंग काढून, जुने सीलंट खरवडून, ॲसिटोनने पुसून पुन्हा बसवणे हे एका स्टँचनसाठी दोन माणसांचे दोनतीन तासांचे काम आहे. एक माणूस वर बोल्टचे डोके धरतो आणि दुसरा आत आडवा पडून नट फिरवतो. बोल्ट फिरवू नये, फक्त नट फिरवावा; बोल्ट फिरला की त्याच्याभोवतीचे सीलंट तुटते आणि सारे काम वाया जाते.

कोणते सीलंट

ब्यूटाइल टेप कधीच कडक होत नाही. ती चिकट, लवचिक राहते आणि धातू व डेक तापून कमीअधिक प्रसरण पावले तरी त्यांच्याबरोबर ताणली जाते. तिची चिकटून धरण्याची ताकद नगण्य आहे, म्हणून जिथे बोल्टने दाब मिळतो तिथेच ती वापरावी: स्टँचन, क्लीट, विंच (दोर ओढण्याचा रहाट), हँडरेल. भोकाची वरची कड काउंटरसिंकच्या बिटाने थोडी उतरती करावी, बोल्टच्या डोक्याखाली टेपची गोळी शंकूसारखी वळावी आणि नट एका दिवसात पूर्ण न आवळता तीनचार दिवस थोडाथोडा आवळत जावा. उतरत्या कडेत दाबली गेलेली टेप बोल्टभोवती जणू एक रबरी कडे तयार करते. पहिल्या उन्हाळ्यात कडेने टेप बाहेर येते, ती प्लास्टिकच्या पट्टीने कापून टाकावी. डिझेलच्या संपर्कात ती विरघळते, म्हणून इंधन भरण्याच्या झाकणाजवळ ती चालत नाही, आणि पाण्याच्या रेषेखालीही नाही.

पॉलियुरेथेन सीलंट चिकटवते आणि बंदही करते. सिकाफ्लेक्स २९१ आणि थ्रीएम ४२०० ही या गटातली परिचित नावे आहेत. थ्रीएम ५२०० हे त्याच गटातले, पण जो जोड कायमचा ठेवायचा त्यासाठीच आहे. ५२०० लावलेला स्टँचन पाच वर्षांनी काढायला गेलेल्या माणसाला विचारावे: धातूबरोबर जेलकोटचा (फायबरग्लासवरच्या गुळगुळीत बाह्य थराचा) पापुद्राही निघून येतो. हल (नौकेचे मुख्य कवच) आणि डेक यांचा सांधा, थ्रू-हल फिटिंग (हलच्या भोकातून आरपार बसवलेली नळी) अशा ठिकाणी पॉलियुरेथेन योग्य आहे. ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटच्या खिडक्यांवर साधे पॉलियुरेथेन लावू नये.

पॉलिसल्फाइड सागवानी डेकच्या फटींसाठी आणि इंधनाच्या झाकणांसाठी सर्वांत भरवशाचे आहे, परंतु ते प्लास्टिकला खाते. ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट, पीव्हीसी यांना त्याच्यापासून लांब ठेवावे. सिलिकॉनची जागा खिडक्यांपुरतीच आहे, कारण तेथे ते प्लास्टिकला इजा न करता हलणाऱ्या काचेला सांभाळून घेते. डेकवर अन्यत्र ते वापरण्याला माझा विरोध आहे. सिलिकॉनचा अदृश्य थर सच्छिद्र जेलकोटमध्ये राहून जातो आणि त्यावर नंतर रंग, इपॉक्सी किंवा दुसरे सिलिकॉन यांपैकी काहीच धड चिकटत नाही.

एवढ्यातून एकच निवडायचे असेल तर पहिल्या दुरुस्तीसाठी ब्यूटाइल टेपची दोन रिळे घ्यावीत. ट्यूब एकदा उघडली की मुंबईच्या दमट हवेत ती महिनाभरात तोंडाशी घट्ट होते. टेपचे रीळ कपाटात वर्षानुवर्षे टिकते. शिवाय टेपने बसवलेली वस्तू पुन्हा काढता येते, आणि नौकेवरची जवळजवळ प्रत्येक वस्तू कधी ना कधी काढावी लागते.

गाभा ओला निघाला तर

माझ्या पहिल्या नौकेवरचा एक स्टँचन काढला तेव्हा बोल्टच्या भोकातून चहाच्या रंगाचे पाणी ओघळले आणि मागोमाग भिजलेल्या भुशासारखा बाल्साचा लगदा बाहेर आला. आदल्या मालकाच्या काळातील कोणी तरी त्या तळपट्टीवर तीन वेळा वरून सीलंट फासले होते. तिन्ही थर वेगवेगळ्या रंगांचे होते. अशा वेळी कोणतेही सीलंट निवडले तरी उपयोग नसतो, कारण पाणी आधीच आत आहे.

हातोडीच्या मागच्या टोकाने डेकवर टकटक करत जावे. निरोगी डेक खणखणीत वाजते, कुजलेल्या जागी आवाज बद्द येतो. बद्द आवाजाची जागा तळहाताएवढी असेल तर भोक मोठे करून भरण्याची पद्धत पुरते. ६ मिलिमीटरच्या बोल्टसाठी वरचा थर आणि गाभा १२ ते १५ मिलिमीटरपर्यंत कोरावा, खालचा थर तसाच ठेवावा, वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये लावून आजूबाजूचा मऊ गाभा खरवडावा, जागा पूर्ण वाळू द्यावी, आधी पातळ इपॉक्सीने लाकूड भिजवावे आणि मग सिलिका घालून घट्ट केलेले इपॉक्सी भरावे. ते कडक झाल्यावर त्यातूनच बोल्टचे भोक पाडावे. यानंतर सीलंट सुटले तरी पाणी केबिनमध्ये येईल, गाभ्यात जाणार नाही. मऊ जागा फूटभर किंवा त्याहून मोठी असेल तर वरचा थर कापून गाभा बदलावा लागतो आणि ते काम अनुभवी माणसाकडेच द्यावे. इंजेक्शनने इपॉक्सी भरून मोठी जागा वाचवण्याचा मोह टाळावा. ओल्या लाकडात इपॉक्सी पसरत नाही.

गाभा लाकडाचा आहे म्हणून नौका वाईट ठरत नाही. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या भारतीय नौदलाच्या ५६ फुटी ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेच्या बांधणीतही फायबरग्लासखाली लाकडाचाच गाभा आहे आणि तिच्यावरून नौदल अधिकारी दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. कोरडा असेपर्यंत लाकडी गाभा उत्तम काम करतो.

चेनप्लेट आणि पाण्याखालचे सांधे

चेनप्लेट गळत असेल तर ती पुन्हा सील करण्यापूर्वी पूर्ण बाहेर काढून पाहणे मी सक्तीचे मानतो. स्टेनलेस स्टील हवेत टिकते, परंतु ओल्या लाकडात प्राणवायूविना दाबले गेले की त्याला फटीतला गंज लागतो, आणि तो डेकच्या जाडीत, नेमका नजरेआड वाढतो. तपकिरी डाग, खड्डे किंवा केसासारखी चीर दिसली तर चेनप्लेट बदलावी. डोलकाठी तिच्याच आधारावर उभी असते.

शाफ्टच्या पारंपरिक ग्लँडमधून शाफ्ट फिरत असताना मिनिटाला दोनतीन थेंब पडणे हे दोषाचे नव्हे, तर प्रकृतीचे लक्षण आहे. ते थांबवण्यासाठी ग्लँड जास्त आवळला तर शाफ्ट तापतो आणि झिजतो. न ठिबकणारे आधुनिक सील बिल्ज कोरडी ठेवतात, मात्र त्यांचा रबरी भाता ठरलेल्या मुदतीत बदलावा लागतो, कारण तो फाटला तर पाणी थेंबांनी नव्हे, धारेने येते. नियमित देखभाल स्वतः करणाऱ्याने जुनी पद्धत ठेवावी असे मला वाटते. सीकॉकचे सांधे मात्र नौका पाण्याबाहेर असतानाच उघडावेत. पाण्याच्या रेषेखाली ६० सेंटिमीटरवर दीड इंचाचे भोक उघडे राहिले तर मिनिटाला शंभराहून अधिक लिटर पाणी आत येते, म्हणून प्रत्येक सीकॉकला त्याच्याच मापाची मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवावी आणि नौका पाण्यात उतरवण्यापूर्वी ती जागेवर आहे ना, हे हात लावून पाहावे.