परकीय भाषेचा वर्ग आणि आंतरजालावरची साधने: एका शिक्षिकेचे परीक्षण

मी जर्मन शिकवते. माझे जवळजवळ एका सत्राचे पाठ ज्या सशुल्क संकेतस्थळावर बेतलेले होते, ते काही काळापूर्वी अल्पशा सूचनेनिशी बंद झाले आणि तेथे साठवलेले सराव, विद्यार्थ्यांच्या उत्तरांवर लिहिलेल्या टिपा आणि निवडून ठेवलेल्या ध्वनिफिती हे सारे त्याबरोबर गेले. तेव्हापासून कोणतेही साधन वर्गात नेण्याआधी मी तीन गोष्टी पाहते. त्यात ती भाषा बोलणारी खरी माणसे भेटतात का, हे साहित्य उतरवून घेऊन माझ्या वर्गाला हवे तसे बदलता येते का, आणि संस्कृती संभाषणातच मुरलेली आहे की पाठाच्या शेवटी एका रंगीत चौकटीत वेगळी ठेवलेली आहे. हे परीक्षण याच तीन कसोट्यांवर केले आहे. माझ्याइतकेच माझ्या फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानी शिकवणाऱ्या सहकाऱ्यांचे अनुभवही त्यामागे आहेत.

यांपैकी तिसरी कसोटी मला सर्वांत मोलाची वाटते आणि बहुतेक साधने तिच्यावरच अडखळतात. परकीय भाषांच्या अध्यापनासाठी अमेरिकी शिक्षकांच्या ॲक्टफल या संघटनेने जी मानके मांडली आहेत, त्यांत संस्कृतीकडे तीन अंगांनी पाहिले जाते: समाजाने निर्माण केलेल्या वस्तू, त्याचे व्यवहार आणि त्या दोहोंमागचे दृष्टिकोन. आंतरजालावरचे बहुतेक साहित्य पहिल्या अंगाशीच थांबते. स्मारके, पोशाख आणि सणांची छायाचित्रे विपुल मिळतात. मात्र त्या भाषेत वडीलधाऱ्यांना नकार कसा देतात किंवा अनोळखी माणसाकडे मदत कशी मागतात, हे दाखवणारी साधने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

त्या मोजक्या साधनांत मी लँगमीडियाला वरचे स्थान देईन. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या पाच उच्चशिक्षण संस्थांच्या समूहाने, म्हणजे फाइव्ह कॉलेजेसने, ते उभे केले आहे. तेथे देशवार आणि भाषावार लहान व्हिडिओ आहेत. कोणी तिकीट काढतो आहे, कोणी पत्ता विचारतो आहे, कोणी खरेदी करतो आहे. 'कल्चरटॉक' या विभागात माणसे आपले कुटुंब, शाळा, लग्न, काम यांविषयी मोकळेपणाने बोलतात. यांतील पुष्कळसे बोलणे आधी लिहून काढलेले नसल्यामुळे त्यात अडखळणे आहे, अर्धवट सोडलेली वाक्ये आहेत, एकाच वेळी बोलणारी दोन माणसे आहेत. पाठ्यपुस्तकाच्या ध्वनिफितीत यांतले काहीच नसते, आणि म्हणूनच अशा ध्वनिफितींवर तयार झालेला विद्यार्थी पहिल्या खऱ्या संभाषणात गोंधळतो. येथे मोठ्या भाषांबरोबरच, ज्यांचे वर्ग फारसे कोठे चालत नाहीत अशा भाषाही आहेत. चित्रणाची गुणवत्ता मात्र सारखी नाही. काही व्हिडिओ इतके जुने आहेत की त्यांतले दूरध्वनी आणि दुकाने आजच्या विद्यार्थ्याला परकी वाटतात. तरीही अनेक चित्रणांसोबत संहिता आणि भाषांतर मिळत असल्याने वर्गाची तयारी निम्म्याने कमी होते.

दुसरे नाव कार्ला या भाषासंशोधन केंद्राचे. मिनेसोटा विद्यापीठात १९९३ साली सुरू झालेल्या या केंद्राने क्षमायाचना, तक्रार, प्रशंसा, नकार, विनंती आणि आभार या भाषिक कृतींविषयीचे संशोधन शिक्षकांना वापरता येईल अशा रूपात मांडले आहे. क्षमायाचनेचे उदाहरण घ्यावे. खेदाचे शब्द, जबाबदारीचा स्वीकार, घडलेल्या गोष्टीचे कारण, भरपाईची तयारी आणि पुन्हा तसे न करण्याचे आश्वासन असे तिचे पाच घटक तेथे वेगळे करून दाखवले आहेत. यांपैकी कोणता घटक केव्हा वापरायचा आणि कोणता गाळला तर ऐकणारा दुखावेल, हे भाषेगणिक बदलते. हे वाचेपर्यंत मी क्षमेचा पाठ दोन-तीन ठरीव वाक्प्रयोगांवर उरकत असे. आता विद्यार्थी आधी मराठीतली एक क्षमायाचना या पाच घटकांत उकलतात आणि नंतर तोच प्रसंग जर्मनमध्ये बोलून पाहतात. मराठीत आपण खेदाचा शब्द न उच्चारताही किती वेळा क्षमा मागतो, हे त्यांना त्या वेळी प्रथमच जाणवते. स्पॅनिश आणि जपानीसाठी या केंद्राने विद्यार्थ्यांना स्वतः करता येतील असे स्वतंत्र पाठही तयार केले आहेत. मांडणी रुक्ष आहे, आकर्षक चित्रे नाहीत आणि शिक्षकाला बरेच वाचावे लागते. ते वाचन मी आनंदाने केले.

तिसरे साधन भाषेच्या शिक्षकांसाठी तयारच झालेले नाही. गॅपमाइंडर या स्वीडिश संस्थेच्या डॉलर स्ट्रीट या प्रकल्पात पन्नासहून अधिक देशांतील कुटुंबांच्या घरांची छायाचित्रे आहेत. घराचे दार, पलंग, दात घासण्याचा ब्रश, मुलांची खेळणी अशा त्याच त्या वस्तू प्रत्येक घरात टिपलेल्या आहेत आणि कुटुंबे मासिक उत्पन्नाच्या क्रमाने एका रस्त्यावर मांडल्यासारखी लावलेली आहेत. घरातील वस्तूंची नावे शिकवण्यासाठी याहून चांगले चित्रसाहित्य माझ्या पाहण्यात नाही. तुलनावाचक रूपे आणि 'कदाचित', 'बहुधा' यांसारखे अंदाजाचे शब्द तर त्या चित्रांसमोर विद्यार्थ्यांच्या तोंडी आपोआप येतात. एकाच देशातील दोन घरांत किती अंतर असू शकते आणि दूरच्या दोन देशांतील दोन घरे किती सारखी असू शकतात, हेही तेथे दिसते. 'जर्मन लोकांचे घर असे असते' हे वाक्य माझ्या वर्गातून त्यामुळेच हद्दपार झाले. छायाचित्रे मुक्त परवान्याची असल्याने श्रेय देऊन ती वर्कशीटवर छापता येतात.

प्रसारण संस्था आणि सांस्कृतिक संस्था यांची संकेतस्थळे बहुतेक शिक्षकांना परिचित असतात, म्हणून त्यांविषयी थोडक्यात लिहिते. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा 'निकोस वेग' हा ए१ ते बी१, म्हणजे प्राथमिक ते मध्यम, पातळीचा विनामूल्य व्हिडिओ अभ्यासक्रम आहे. जर्मनीत पाऊल ठेवताच बॅग गमावून बसलेल्या एका तरुणाची गोष्ट त्यात असल्यामुळे विद्यार्थी पुढचा भाग स्वतःहून मागतात. बोलणे अर्थातच अभिनयाचे आणि स्वच्छ आहे. वर उल्लेखिलेल्या खऱ्या संभाषणांची जागा ते घेऊ शकत नाही. फ्रेंचसाठी टीव्ही५ मोंद या वाहिनीने आपल्याच चित्रणांवर ए१ ते बी२ पातळीचे सराव रचले आहेत आणि शिक्षकांसाठी वेगळी पाठटिपणे दिली आहेत. फ्रान्सच्या आरएफआय या नभोवाणीचे दहा मिनिटांचे सोप्या फ्रेंचमधील वार्तापत्र मला विशेष आवडते, कारण त्यात बोलण्याचा वेग कृत्रिमपणे कमी केलेला नसून कठीण शब्द आणि बातमीची पार्श्वभूमी निवेदनाच्या ओघातच उलगडून सांगितली जाते. स्पॅनिशच्या शिक्षकांसाठी स्पेनच्या सर्व्हान्तेस या सांस्कृतिक संस्थेने १९९७ साली सुरू केलेल्या आभासी केंद्रात वर्गातील उपक्रमांचा मोठा संग्रह आहे. जपान फाउंडेशनची 'इरोदोरी' ही पाठ्यपुस्तके ध्वनिफितींसह विनामूल्य उतरवून घेता येतात, आणि जपानमध्ये राहून काम करणाऱ्या माणसाला रोज काय ऐकावे आणि बोलावे लागते, त्यावरच त्यांचे पाठ उभे आहेत.

ए१, बी२ ही जी अक्षरे येथे येतात, ती युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या सामायिक चौकटीतील भाषाप्रभुत्वाच्या सहा पातळ्यांची आहेत. एखाद्या साधनावर पातळी लिहिलेली आहे एवढ्यावर मात्र विसंबू नये. ती ऐकण्याची आहे, वाचनाची आहे की लेखनाची, हे पाहावे. बी१ म्हणून दिलेला एखादा उतारा वाचायला सोपा आणि ऐकायला अवघड असतो, आणि वर्ग बिघडतो तो नेमका तेथेच.

शब्द आणि वाक्ये यांच्या संग्रहांपैकी दोन माझ्या रोजच्या वापरात आहेत. फोर्व्हो या संकेतस्थळावर त्या त्या भाषेचे भाषक शब्द उच्चारून नोंदवतात आणि बोलणारा कोणत्या देशातला आहे हेही समजते. एकच जर्मन शब्द व्हिएन्नाच्या आणि हॅम्बुर्गच्या माणसाच्या तोंडून लागोपाठ ऐकवला की प्रमाण उच्चार आणि प्रदेश यांविषयीची चर्चा आपोआप सुरू होते. सुटा शब्द वाक्याचा सूर शिकवत नाही, ही त्याची मर्यादा. टाटोएबा हा वाक्यांचा आणि त्यांच्या भाषांतरांचा सामूहिक संग्रह २००६ साली सुरू झाला. त्याचे नाव 'उदाहरणार्थ' या अर्थाच्या जपानी शब्दावरून आले आहे. इंग्रजीतले एक साधे वाक्य तेथे शोधले की जर्मनमध्ये त्याची तीन रूपे मिळू शकतात, कारण इंग्रजीच्या एका सर्वनामापुढे जर्मनला एकाशी जवळिकीने, अनेकांशी जवळिकीने किंवा आदराने असे तिहेरी वळण घ्यावे लागते. तू, तुम्ही आणि आपण यांत वाढलेल्या विद्यार्थ्याला यात नवल वाटत नाही. उलट मराठी आणि जर्मन यांच्या आदरार्थाच्या सीमारेषा कोठे जुळत नाहीत, हे शोधण्यात त्याला रस येतो. टाटोएबावर कोणीही वाक्य लिहू शकतो, त्यामुळे स्वतःला त्या भाषेचे मूळ भाषक म्हणवणाऱ्यांनी लिहिलेली वाक्येच दाखवणारी गाळणी मी नेहमी लावते आणि तरीही प्रत्येक वाक्य वाचूनच वर्गात नेते.

आता परवान्यांविषयी. हा विषय कंटाळवाणा वाटतो, पण मला त्याची किंमत मोजावी लागली आहे. विनामूल्य म्हणजे मुक्त नव्हे. 'निकोस वेग' विनामूल्य आहे, पण त्याची संहिता घेऊन तिच्यात गाळलेल्या जागा करून ते वर्कशीट इतरांना वाटायचे असेल, तर नियम पाहावे लागतात. आपले साहित्य इतरांनी कोणत्या अटींवर वापरावे हे निर्मात्याला आधीच जाहीर करू देणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ साली आले, तेव्हापासून हे काम सोपे झाले आहे: केवळ श्रेयाची अट असेल तर बदल करून वाटता येते, व्यापारी वापराला मनाई असेल तर शुल्क घेणाऱ्या वर्गांनी जपून राहावे, आणि बदलांना मनाई असेल तर साहित्य जसेच्या तसे वाटावे, बदललेली प्रत प्रसिद्ध करू नये. टेक्सास विद्यापीठातील ऑस्टिन येथील कोअर्ल या भाषाशिक्षण केंद्राचे साहित्य मला याच कारणाने जवळचे वाटते. त्यांचा 'डॉइच इम ब्लिक' हा जर्मन अभ्यासक्रम पीडीएफ आणि व्हिडिओंसह मुक्तपणे मिळतो, आणि त्यातील व्हिडिओंत भाषकांबरोबरच जर्मनीतील वुर्झबुर्गला गेलेले विद्यार्थी स्वतःच्या अपुऱ्या, चुकणाऱ्या जर्मनमध्ये बोलताना दिसतात. माझ्या लाजऱ्या विद्यार्थ्यांना या चुकणाऱ्या आवाजांनी जेवढा धीर दिला, तेवढा माझ्या कोणत्याही प्रोत्साहनाने दिला नसेल. याचेच फ्रेंच भावंड 'फ्रांसे आंतेराक्तीफ' ल्याँ शहरात घडते.

साधनांच्या सूची म्हणून कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने १९९७ साली सुरू केलेली मर्लोट आणि २००७ पासूनची ओईआर (म्हणजे मुक्त शैक्षणिक साधने) कॉमन्स या दोन उपयोगी आहेत. मर्लोटवरील काही नोंदींना तज्ज्ञांचे अभिप्राय जोडलेले असतात, त्या नोंदी आधी पाहाव्यात. अशा कोणत्याही सूचीतले काही दुवे कालांतराने मृत होतात, म्हणून वर्गाच्या आदल्या दिवशी प्रत्येक दुवा उघडून पाहण्याला पर्याय नाही.

अमेरिकेच्या परराष्ट्र सेवा संस्थेने काही दशकांपूर्वी मुत्सद्द्यांसाठी तयार केलेले अभ्यासक्रम आज सर्वांसाठी खुले आहेत. एकाच वाक्यरचनेचा पुनःपुन्हा सराव करून घेण्यासाठी ते अजूनही चांगले आहेत, मात्र त्यांतली शब्दकळा आणि स्त्री-पुरुषांच्या भूमिका जुन्या काळच्या आहेत. मी त्यांतल्या ध्वनिफिती वापरते, संवाद वापरत नाही. खेळासारखे गुण देणारी मोबाइल ॲप्स शब्दसंग्रहाच्या उजळणीला ठीक आहेत. घरी दहा मिनिटे त्यांना द्यावीत, वर्गातली देऊ नयेत.

वरच्या पातळीच्या विद्यार्थ्यांसाठी बर्लिनहून १९९९ साली सुरू झालेले लिरिकलाइन हे संकेतस्थळ मी मनापासून सुचवते. तेथे कवी आपली कविता स्वतःच्या आवाजात वाचतात आणि शेजारी मूळ पाठ व भाषांतरे असतात. आधी अर्थ न सांगता केवळ ऐकवावे, विद्यार्थ्यांना आघात आणि विराम टिपायला लावावेत आणि मगच शब्दांकडे वळावे. हा तास मी कधी चुकवत नाही.

ज्या भाषांमागे कोणतीही मोठी सांस्कृतिक संस्था उभी नाही, त्यांच्या शिक्षकांची अडचण सर्वांत मोठी आहे. प्रथम बुक्स या भारतीय बालसाहित्य प्रकाशन संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवर मुक्त परवान्याच्या सचित्र बालकथा शेकडो भाषांत आणि वाचनाच्या चार पातळ्यांवर मिळतात. एकच गोष्ट दोन भाषांत समोरासमोर ठेवून वाचणे हा प्रौढ विद्यार्थ्यांसाठीही उत्तम पाठ ठरतो. यांतील बऱ्याच कथा अनुवादित असतात. भाषा एका समाजाची आणि गोष्टीतले घरदार दुसऱ्याच समाजाचे, असे तेव्हा होते; संस्कृतीच्या पाठासाठी मूळ त्याच भाषेत लिहिलेली कथा शोधावी. ज्या भाषा लुप्त होण्याच्या मार्गावर आहेत, त्यांच्यासाठी एलार हा ध्वनिमुद्रणांचा आणि चित्रणांचा संग्रह आहे. त्यातील काही मुद्रणे सर्वांना खुली आहेत, काहींसाठी परवानगी मागावी लागते आणि काही त्या भाषकसमूहांच्या इच्छेनुसार बंद ठेवलेली आहेत. परवानगी मागताना आपण ते मुद्रण कोणत्या वर्गात, कशासाठी आणि किती जणांना ऐकवणार आहोत, हे स्पष्ट लिहावे. उत्तर येईपर्यंत पाठ दुसऱ्या साहित्यावर आखलेला असावा.