झाडं, परसबाग की पावसाचा हिशेब? माण-खटावच्या शाळांनी काय निवडावं

शाळा व्यवस्थापन समितीच्या जूनमधल्या बैठकीत पर्यावरणाचा विषय निघाला की सगळ्यात आधी वृक्षारोपण सुचतं. पण सातारा जिल्ह्यात सगळ्या शाळांना एकच उपक्रम लागू पडत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तर माण-खटावला जेमतेम पाचशेच्या आसपास. इथं विचार केलाय तो पूर्वेकडच्या, कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळांचा.

झाडं लावणं सगळ्यात सोपं. रोपं रोपवाटिकेतून मिळतात, खड्डे गावकरी काढून देतात. कस लागतो तो एप्रिल-मेमध्ये, नेमका शाळेला सुट्टी असताना. तेव्हा पाणी कोण घालणार हे ठरलेलं नसेल तर या उपक्रमाच्या वाटेला जाऊ नये. वाळलेली रोपं बघून मुलांचा उत्साहच मरतो. लावायचीच तर थोडी लावा, कडुनिंब, करंज, बोर, हिवर अशी इथं तग धरणारी. आणि ती सातवीकडे न देता पहिली-दुसरीकडे द्या, म्हणजे सांभाळणारे हात पुढची काही वर्षं शाळेतच राहतील. आणखी एक कळकळीचं सांगणं: मोकळं दिसतं म्हणून माळरानावर खड्डे घेऊ नका. ते गवत ही चंडोलांची, लांडग्यांची जागा आहे. कासच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, झाडं लावायची नसतात, हे जिल्ह्यातल्या पोरांना शाळेतच कळायला हवं.

परसबागेचं फळ लवकर दिसतं. मेथी महिन्याभरात काढायला येते आणि थेट पोषण आहारात जाते. पहिली ते पाचवीला रोज माणशी 50 ग्रॅम भाजी धरलेली आहे, म्हणजे 60 मुलांना 3 किलो. चार वाफ्यांतून एवढी भाजी रोज निघणार नाही, पण आपण पेरलेलं आपल्याच ताटात आलं की पानात टाकणं कमी होतं. मुलांच्या हात धुण्याचं पाणी वाफ्यांना वळवता येतं, पालापाचोळ्याचं खत होतं. अडचण शेळ्यांची, म्हणून कुंपण आधी आणि बी नंतर. स्वयंपाकाच्या ताईंना सुरुवातीपासून सोबत घ्यावं लागतं. त्यांना न विचारता केलेली परसबाग टिकणं कठीण.

तिसरा पर्याय पावसाच्या हिशेबाचा. माझा कौल यालाच. सरळ बाजूंची बाटली, पट्टी आणि वही एवढ्यावर सुरुवात होते. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खात्याच्याच वेळेला, मोजायचं आणि फळ्यावर लिहायचं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मग 60 चौरस मीटरच्या वर्गखोलीच्या छतावर 500 मिलिमीटर पावसात 30 हजार लिटर पडतं. गळती-वाफ वजा जाता 24 हजार तरी हाती येईल. हे गणित सहावी-सातवीतलं मूल स्वतः मांडतं आणि घरी जाऊन आपल्या पत्र्याचं क्षेत्रफळ मोजतं. शिकवायला गावातच माणसं आहेत. 2018 च्या वॉटर कप या गावांच्या जलसंधारण स्पर्धेत माणमधलं टाकेवाडी पहिलं आलं होतं. सलग समतल चर, म्हणजे पाणी मुरवायला उताराला आडवा, एकाच पातळीत खणलेला चर, कसा आखायचा हे या भागातल्या कितीतरी शेतकऱ्यांना हातानं माहीत आहे. त्यांना एक दिवस शाळेत बोलवा. पन्हळ आणि टाकीला मात्र पैसे लागतात, ते ग्रामपंचायतीकडे मागावे लागतील. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, हेही ध्यानात ठेवा.

तेव्हा माण-खटावमध्ये पहिल्या वर्षी पाऊस मोजा, टाकी झाली की परसबाग, झाडं त्यानंतर. पाटण-जावळीच्या पश्चिम भागात क्रम वेगळा: तिथं पावसाळ्यात पालेभाजी कुजते, म्हणून परसबाग दिवाळीनंतर धरावी आणि रोपं मात्र निर्धास्त लावावीत. काहीही निवडलं तरी मे महिन्यात शाळेच्या फाटकाची किल्ली कोणाकडे राहणार, हे त्याच बैठकीच्या इतिवृत्तात नावानिशी लिहून घ्या.