पोस्ट सहीला पाठवायची की टीमवर सोपवायची?

सरकारी कार्यालयाने सोशल मीडियावर यावं की नाही, हा वाद जुना झाला. आता गाडी अडते ती पोस्ट कुणी टाकायची आणि चुकली तर मेमो कुणाला, इथे. फाइलवर सुरक्षा, मनुष्यबळ अशी कारणं येतात. आत भीती या मेमोचीच असते.

पहिला मार्ग, प्रत्येक मजकूर वरिष्ठांच्या सहीने. योजनेच्या अटी, न्यायप्रविष्ट बाबी, आकडेवारी यांना हाच बरा, कारण तिथे दोन दिवस उशीर चालतो. संकटात मात्र चालत नाही. 13 जानेवारी 2018 ला अमेरिकेच्या हवाई राज्यात क्षेपणास्त्र येत असल्याचा खोटा इशारा लोकांच्या फोनवर गेला. तो खोटा आहे हे गव्हर्नर डेव्हिड इगे यांना दोनच मिनिटांत कळलं, पण ट्विट पडलं 17व्या मिनिटाला. लॉगिन आणि पासवर्ड आपल्याला ठाऊक नव्हता, अशी कबुली त्यांनी नंतर दिली. फोनवर दुरुस्तीचा संदेश यायला 38 मिनिटं लागली.

दुसरा मार्ग, दोन-तीन जणांना लेखी अधिकार. 2011 च्या पुरात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड पोलिसांच्या माध्यम विभागाने फेसबुक-ट्विटरवर माहितीचा ओघ चालू ठेवला आणि 'मिथबस्टर' हॅशटॅग लावून एकेक अफवा खोडली. अफवा खोडायला आधी फाइल फिरवावी लागली, तर तोवर ती गावभर झालेली असते.

यातला धोकाही खरा आहे. 9 जानेवारी 2024 ला अमेरिकेच्या एसईसी या बाजार नियामकाचं एक्स खातं सिम-स्वॅपने (मोबाइल नंबर दुसऱ्याच सिमवर वळवून) पळवलं गेलं आणि बिटकॉइन ईटीएफला, म्हणजे बिटकॉइनवर आधारलेल्या, शेअर बाजारात विकल्या जाणाऱ्या फंडाला, मंजुरी मिळाल्याची खोटी पोस्ट पडली. खात्याचं दुहेरी पडताळणीचं कुलूप 2023 च्या जुलैपासून काढून ठेवलेलं होतं! पण हा दोष कुलुपाचा; प्रत्येक पोस्टवर सही असती तरी खातं गेलंच असतं.

तिसरा मार्ग, काम बाहेरच्या एजन्सीला देण्याचा. पोस्टर छान होतात, पण 'माझा अर्ज कुठे अडकलाय?' याला एजन्सी काय उत्तर देणार? फक्त डिझाइनपुरती ठेवा.

माझा कौल दुसऱ्या मार्गाला, पण लेखी चौकटीसह: टीमने स्वतःहून काय टाकायचं, काय विचारून, आणि कशाला हात लावायचा नाही. एका पानात बसतं. प्रतिक्रियांचा नियमही त्यातच लिहा. अधिकाऱ्याने स्वतःच्या खात्यावर नागरिकाला ब्लॉक केलं, तर ते सरकारी कृत्य कधी ठरतं, यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला मार्च 2024 मध्ये निकाल द्यावा लागला. त्याला सरकारच्या वतीने बोलण्याचा अधिकार होता का आणि तो वापरत असल्याचं त्याने दाखवलं का, या दोन कसोट्या लावल्या गेल्या. म्हणून कार्यालयाचं खातं वेगळं, साहेबांचं वेगळं.

आणि खातं कार्यालयाच्या ईमेलवर व नंबरवर उघडा. नाहीतर एखाद्याची बदली झाली की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो.