स्वप्नांचं किट: मुळी छान, चहा ठीक, कॅप्सूलची बाटली परत

आधी निकाल सांगते. स्वप्नं जास्त आणि लख्ख पडावीत म्हणून विकल्या जाणाऱ्या या किटमधली मुळी जरूर घेऊन बघावी, कडू झेपत असेल तर चहाही घ्यावा आणि कॅप्सूलच्या वाटेला जाऊ नये. अडचण एवढीच की तिन्ही वस्तू सुट्या मिळत नाहीत. शिवाय सोबतच्या पत्रकात मोठ्या अक्षरात छापलंय: 'उत्तम अनुभवासाठी तिन्ही एकाच रात्री घ्या.' माझा सगळा राग या एका ओळीवर आहे.

मी फार्मासिस्ट आहे. 'ही गोळी त्या गोळीबरोबर चालेल का?' या प्रश्नाला उत्तरं देण्यात माझा दिवस जातो. दुसरीकडे कॉलेजपासून मी स्वप्नांची वहीही लिहिते. तेव्हा हे किट कोणी मला चेष्टेने भेट दिलेलं नाही, मी हौसेने मागवलं. तिन्ही गोष्टी मात्र वेगवेगळ्या ठेवल्या. एकाच रात्री सगळं पोटात घातलं, तर काय कशामुळे झालं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

चहात दोन पानं आहेत. एक मगवर्ट, म्हणजे दवण्याच्या जवळची युरोपीय वनस्पती. दुसरं कॅलिया झाकाटेचिची. मेक्सिकोतल्या ओआहाका भागातले चोंताल लोक स्वप्नातून कौल घेण्यासाठी हे पान वापरतात. त्याचा कडूपणा जिभेच्या मुळाशी बसतो आणि दात घासले तरी हटत नाही. मध घालून काही फरक पडत नाही, उगाच मध वाया जातो.

स्वप्नं पडली का? पडली, आणि लख्ख आठवलीही. एका रात्री मी औषधांच्या कपाटाचा खण ओढला तर आत काठोकाठ पाणी होतं, त्यावर लेबलं तरंगत होती आणि प्रत्येक लेबल वाचायला गेलं की शाई पसरायची. असं स्वप्न मला एरवी पडत नाही. पण त्या रात्री मी सारखी जागी होत होते, हेही वहीत लिहिलेलं आहे. कॅलियावर १९८६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही हेच दिसलं होतं: झोप उथळ होते आणि मध्येच जाग येण्याचं प्रमाण वाढतं. ज्या स्वप्नातून माणूस जागा होतो ते लक्षात राहतं, बाकीची विरून जातात. म्हणजे स्वप्नं वाढली असं वाटतं त्यातला बराचसा वाटा मोडलेल्या झोपेचा असतो. सुट्टीच्या आदल्या रात्री हा व्यवहार परवडतो, कामाच्या दिवशी नाही.

पाकिटावर एक गोष्ट हवी होती ती नाही. मगवर्ट आणि कॅलिया दोन्ही शेवंतीच्या कुळातल्या, आणि गाजरगवतही त्याच कुळातलं. ज्यांना गाजरगवताने शिंका किंवा खाज सुटते, त्यांनी हा चहा टाळलेलाच बरा. गरोदरपणात मगवर्ट घेऊ नये, हेही छापलेलं नाही.

मुळी मला मनापासून आवडली. सायलीन कॅपेन्सिस. दक्षिण आफ्रिकेत खोसा समाजातले दैवज्ञ ती वापरतात. पूड पाण्यात घालून घुसळली की रिठ्यासारखा पांढरा घट्ट फेस येतो (दोघांतही सॅपोनिन ही फेस आणणारी द्रव्यं असतात) आणि तो फेस सकाळी उपाशीपोटी खायचा. चव जवळपास नाहीच. परिणाम हळू आणि सौम्य: स्वप्नातले रंग जरा गडद झाले, झोप मोडली नाही. फेस जास्त खाल्ला तर मळमळतं, म्हणून थोडाच घ्यावा.

आता ती बाटली. मी एक कॅप्सूल फोडून बशीत ओतली. करड्या रंगाची पूड, वास व्हॅलेरियन या झोप आणणाऱ्या वनस्पतीचा, म्हणजे जुन्या मोज्यांचा. घटकांची यादी अशी: गॅलँटामाइन, ह्युपरझिन ए, ५-एचटीपी, व्हॅलेरियन, जीवनसत्त्व बी६. प्रत्येकाचं प्रमाण? दिलेलं नाही. फक्त 'विशेष मिश्रण' आणि एकूण वजन. एक ना धड भाराभर चिंध्या.

यातलं गॅलँटामाइन खरोखर काम करतं, हे मान्य. २०१८ च्या एका अभ्यासात १२१ जणांना ते वेगवेगळ्या रात्री दिलं होतं. 'हे स्वप्न आहे' असं भान स्वप्नातच येण्याचं प्रमाण नुसत्या खोट्या गोळीवर १४ टक्के होतं, ४ मिलिग्रॅमवर २७ आणि ८ मिलिग्रॅमवर ४२. पण संशोधकांनी ते साडेचार तास झोप झाल्यावर, उठवून, मोजून दिलं होतं. इथे पत्रक म्हणतं झोपताना घ्या, आणि मिलिग्रॅमचा पत्ता नाही.

हेच गॅलँटामाइन अल्झायमरचं औषध आहे. मेंदूत निरोप पोचवणारं ॲसिटिलकोलिन हे रसायन मोडणारं एन्झाइम ते अडवतं. ह्युपरझिन एसुद्धा तेच एन्झाइम अडवतं. एकाच कुलपाला दोन किल्ल्या कशासाठी? परिणामांची मात्र बेरीज होते: उलट्या, जुलाब, घाम, नाडी मंदावणं, कधी चक्कर येऊन पडणं. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी आधीच संथ असते. दमेकऱ्याच्या श्वासनलिका यामुळे आवळू शकतात. पॅरोक्सेटिनसारखी नैराश्यावरची गोळी चालू असेल तर गॅलँटामाइन शरीरातून लवकर जात नाही, रक्तातली पातळी चढते. त्यात वर ५-एचटीपी: ते सेरोटोनिन हे मेंदूतलं दुसरं रसायन वाढवतं आणि अशा गोळ्यांसोबत सेरोटोनिन सिंड्रोमचा धोका आणतं. थरथर, ताप, गोंधळलेपण. हे प्रकरण थेट इस्पितळात जातं.

व्हॅलेरियन का घातलं असेल? बहुधा बाकीच्यांमुळे उडालेली झोप परत आणायला. ते दारू किंवा झोपेच्या गोळीसोबत घेतलं तर गुंगी आणखी वाढते. शिवाय गॅलँटामाइनचा अर्धा अंश शरीरातून जायलाच साधारण ७ तास लागतात, म्हणजे सकाळी गाडी चालवताना ते सोबत असतंच.

कंपनीला मी प्रत्येक घटकाचं प्रमाण विचारलं. उत्तर आलं, 'आमचं मिश्रण पूर्णपणे नैसर्गिक आहे.' बरं, गॅलँटामाइनही पहिल्यांदा फुलझाडातूनच काढलं होतं, आणि तरी डॉक्टर ते कमी मात्रेपासून सुरू करून आठवड्यांच्या अंतराने वाढवतात.

मुळीला पाचपैकी चार, चहाला अडीच, कॅप्सूलला शून्य. बाटली परत पाठवली आहे. कंपनीचं म्हणणं, परत द्यायचं तर अख्खं किट द्या. मुळी मी देणार नाही, तेव्हा पत्रव्यवहार चालू आहे.