हवामान केंद्र: सगळं एकाच दांड्यावर की सेन्सर वेगवेगळे?

नागपुरात घरी हवामान केंद्र लावायचं तर आधी उन्हाचा विचार करा, वाऱ्याचा मागाहून. प्रकार मुख्यतः दोन. एकात तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस सगळं एकाच दांड्यावर; दुसऱ्यात प्रत्येकाचा सेन्सर वेगळा.

पहिला प्रकार, म्हणजे ऑल-इन-वन, लावायला सोपं. गच्चीवर पाइप ठोका, वाय-फाय जोडा, झालं. (बहुतेकांना २.४ गीगाहर्ट्झचंच वाय-फाय चालतं, राउटर बघून घ्या.) पण वाऱ्याला हवी उंच, मोकळी जागा, तापमापकाला हवी जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंची, खाली माती किंवा गवत. एकच दांडा दोन ठिकाणी कसा उभा राहणार? गच्चीवरचा स्लॅब तर मे महिन्यात तव्यासारखा तापतो.

माझा पहिला सेन्सर गच्चीच्या कठड्यावर होता. नवतप्यात (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) दुपारी तीनला ५१ दाखवायचा, तेव्हा हवामान खात्याच्या सोनेगाव केंद्राचा आकडा ४५ च्या आसपास असायचा. मग उन्हापासून कवच म्हणून पांढऱ्या प्लास्टिकच्या आठ ताटल्या आणल्या, वरची एक सोडून बाकीच्यांना मधोमध भोक पाडलं, बोट-बोट अंतर ठेवून लांब बोल्टांवर ओवल्या आणि आत सेन्सर टांगून मागच्या अंगणात उभा केला. फरक दीड अंशावर आला. वेगळ्या सेन्सरचा हाच फायदा, चुकलं तर एकटा हलवता येतो. फक्त कुलरपासून लांब ठेवा, ओल्या खसजवळ आर्द्रता भलतीच वाढते.

आणि आकडा अचाट दिसला की आधी सेन्सरवर संशय घ्या. मे २०२४ च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. हवामान खात्याने तो सेन्सरचा बिघाड ठरवला.

पाऊस दोन्हींत बहुधा डोलत्या वाटीनेच (भरली की कलंडते, ते कलंडणं मोजतात) मोजतात आणि धो-धो पावसात ती थोडं कमीच मोजते. तपासून बघायचं तर, नरसाळ्याचा व्यास ११ सेंमी असेल तर ९५ मिली पाणी हळूहळू सोडा, १० मिमीच्या जवळपास दिसायला हवं. नरसाळ्यात कडुनिंबाची पानं, कबुतरांची घाण साचतेच. वेगळा पर्जन्यमापक कमरेच्या उंचीवर असला की दोन मिनिटांत साफ होतो, ऑल-इन-वनसाठी दर वेळी शिडी.

वाऱ्याचं मी फार मनावर घेत नाही. आजूबाजूला इमारती असल्या की आकडा तसाही अर्धवटच.

अंगण असेल तर वेगवेगळे सेन्सरच घ्या. फ्लॅटवाल्यांनी ऑल-इन-वन घ्यावं, पण तापमापकाच्या कवचात हवा खेळवणारा पंखा असलेलं, आणि स्लॅबपासून जमेल तितकं उंच.