व्हिजिटर पास, मास्क आणि तो खालचा वेटिंग हॉल

आधीच सांगते, हा रिव्ह्यू डॉक्टरांचा नाही आणि ऑपरेशनचाही नाही, ते दोन्ही छान झालं. आत्या बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि ते पण नेमकं जानेवारी २०२२ मध्ये, ओमायक्रॉन अगदी जोरात असताना. नवी मुंबईतल्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलं, नाव देत नाहीये कारण त्या वेळी थोड्याफार फरकाने बऱ्याच ठिकाणी हेच चालू होतं. मला लिहायचंय ते त्यांच्या भेटायच्या आणि मास्कच्या नियमांबद्दल, पेशंटच्या घरच्यांचा निम्मा जीव त्यातच जातो आणि रिव्ह्यूत सगळे लिहितात फक्त पार्किंग आणि कॅन्टीन.

तर नियम असा की एका पेशंटमागे एकच माणूस, दोन डोसचं सर्टिफिकेट पाहिजे, आरटीपीसीआर निगेटिव्ह पाहिजे, आणि माणूस बदलायचा तर नव्या माणसाची परत टेस्ट. बाकी भेटायला येणं पूर्ण बंद. टेस्टचे त्यांनी ५०० घेतले, सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ठरवून दिलेला रेटही तोच होता (घरी येऊन सॅम्पल घेतलं तर ७००), म्हणजे तिथे लुबाडलं नाही, हे कबूल.

आणि खरं सांगू का, एकच माणूस हा नियम मला प्रचंड आवडला. आपल्याकडे कोणी ॲडमिट झालं की काय होतं माहितीये ना, शहाळं घेऊन कल्याणचे काका येणार, मोसंबी घेऊन शेजारच्या काकू येणार, पेशंटच्या बेडवरच बसणार आणि आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनची स्टोरी पहिल्यापासून सांगणार, आणि पेशंट बिचारा उशीला टेकून हं हं करत राहणार. यावेळी आत्या शांत झोपली. वर आत्येबहीण होती तिच्याबरोबर, तिलाही कोणाला चहा विचारत बसावं लागलं नाही. करोना गेला तरी हा नियम ठेवा म्हणून मी फीडबॅक फॉर्मवर लिहूनही आले.

पण वर एकच माणूस म्हणजे बाकीचे गेले कुठे? खाली! ग्राउंड फ्लोअरच्या हॉलमध्ये. कारण वर जायला बंदी असली तरी आमची कामं काही कमी झाली नव्हती, औषधं खालच्या मेडिकलमधून आणून लिफ्टपाशी द्यायची, डिपॉझिट भरायचं, इन्शुरन्सच्या डेस्कवर सह्या करायच्या, आणि सगळ्यात भारी म्हणजे डॉक्टर राउंड संपवून खाली येऊन भेटणार, कधी ते नक्की नाही, "अकरा ते दोनच्या मध्ये थांबा". मग काय, प्रत्येक पेशंटची दोन-तीन माणसं त्याच हॉलमध्ये, एसी चालू, खिडक्या बंद. एक सोडून एक खुर्चीवर फुलीचा स्टिकर होता, त्या खुर्च्यांवर आधी पिशव्या बसल्या आणि मग माणसं. म्हणजे गर्दी कमी झालीच नाही, फक्त चौथ्या मजल्यावरून तळमजल्यावर आली.

गेटवर मात्र कडक तपासणी हां. मनगटावर ती टेम्परेचर गन लावायची, आकडा असा यायचा की माणूस जिवंत आहे का अशी शंका यावी, आणि तसंही ओमायक्रॉनमध्ये कितीतरी जणांना ताप नव्हताच. मास्क असला की झालं, कसला आहे कोणी बघत नव्हतं. कापडी चालायचा, नाकाखाली चालायचा, व्हॉल्व्हवाला एन-९५ तर रुबाबात चालायचा. त्या व्हॉल्व्हमधून आपला श्वास न गाळता बाहेर जातो, समोरच्याला त्याचा काही उपयोग नाही, हे केंद्राच्या आरोग्य खात्याने जुलै २०२० मध्येच राज्यांना कळवलं होतं, दीड वर्ष होऊन गेलं तरी हॉस्पिटलच्या गेटपर्यंत ते पत्र काही पोचलं नव्हतं. आणि दीड वाजला की हॉलमध्ये डबे उघडायचे आणि सगळ्यांचे मास्क एकदम खाली. सिक्युरिटीवाल्या दादांना मी दोष देत नाही, त्यांना गेट दिलं होतं, हॉल दिलाच नव्हता.

आयसीयूवाल्यांचं मात्र कौतुक. आत्या ऑपरेशननंतर तिथे होती तेव्हा संध्याकाळी पाचला व्हिडिओ कॉल, दोनच मिनिटं, पण यायचाच. तो कॉल असल्यामुळे आम्ही कोणी खाली थांबलो पण नाही. वॉर्डला हलवलं आणि कॉल बंद, परत आम्ही हॉलमध्ये हजर. वॉर्डच्या पेशंटसाठीही रोज ठरलेल्या वेळी एक फोन केला असता तर निम्मा हॉल रिकामा झाला असता, त्याला ना मशीन लागतं ना पैसा.

अजून एक गोष्ट. आत्याला कमी ऐकू येतं, ती ओठ बघून समजून घेते. सगळ्यांच्या तोंडावर मास्क, त्यामुळे तिला काही कळेना आणि ती सगळ्याला हो म्हणायला लागली. फिजिओवाल्या मुलीने सांगितलं पायावर पाय टाकू नका, अर्धा सांधा बदललाय, आत्या हो हो म्हणाली आणि पाच मिनिटांनी टाकलाच. शेवटी रात्रीच्या ड्युटीवरच्या सिस्टरने कागदावर मार्करने एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं, "आजी, पायावर पाय नाही टाकायचा", आणि समोरच्या भिंतीला चिकटवलं. मास्क न काढता प्रॉब्लेम सॉल्व्ह. हे ॲडमिट करतानाच विचारायला पाहिजे ना, ऐकू येतं का, चष्मा आणलाय का? फॉर्ममध्ये वडिलांचं नाव दोन ठिकाणी होतं, हे कुठेच नव्हतं.

नंतर एप्रिलमध्ये एक्स-रेला घेऊन गेलो. १ एप्रिलपासून राज्यात मास्कची सक्ती उठली होती, तिथे अजून चालू होती आणि एक गृहस्थ गेटवर भांडत होते, सरकारने काढलं तर तुम्ही कोण सांगणारे. मी हॉस्पिटलच्या बाजूने. आत केमोवाले पेशंट असतात, म्हातारी माणसं असतात, तिथे तासभर मास्क लावला तर काय बिघडतं.

पाचपैकी तीन स्टार, त्यातला एक पूर्ण त्या सिस्टरचा. आणि तुमच्या पेशंटला कानामागचं मशीन असेल तर डोक्यामागे बांधायच्या नाड्यांचा मास्क घरूनच न्या, कानात अडकवायचा काढताना इलॅस्टिकबरोबर मशीन पण निघतं, आत्याचं चादरीबरोबर लाँड्रीत जाता जाता राहिलं.